बंडूची पहिली दिवाळी

कुत्रं घरात येऊ द्यायचं नाही, ही शशिकलाबाईंची तीस वर्षांची प्रतिज्ञा. "इकडे माझं देवघर आणि तिकडे ते धूड, बिलकुल चालायचं नाही!" पण मध्यप्रदेश हे नवं राज्य झालं, दत्तोपंतांची कचेरी भोपाळला हलली आणि मुलगाही नोकरीपायी तिकडेच गेला. दत्तोपंतांनी मात्र इंदूर सोडायला साफ नकार देऊन पेन्शन घेतली. दोन वर्षं नवराबायकोनं एकमेकांची तोंडं पाहिली, आणि मग बाईच एक दिवस म्हणाल्या, "आणा बाबा तुमचं ते कुत्रं. घरात काही हलतं-बोलतं तर पाहिजे."

धनत्रयोदशीला दत्तोपंत बडा गणपतीजवळ उदयसिंहांकडे गेले. उदयसिंहांच्या घरी तीन पिढ्या शिकारी कुत्री पाळलेली. दोघांचे वडील दरबारच्या एकाच पलटणीतले. आता अशा माणसाच्या दारात पिल्लाचं तोंड उघडून बघायचं, बाकीची पिल्लं कुठे गेली म्हणून विचारायचं? छे! दत्तोपंतांना ते जन्मात जमलं नसतं. उदयसिंह इंदुरी थाटात म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास पिल्लू आहे भिया," आणि यांनी पैसे मोजून ते कोटात गुंडाळून आणलं. मेथीची जुडी चार वेळा उलटून बघणारा हा माणूस! खानदानी भिडेनं डोळ्यांवर अशी झापड येते.

शशिकलाबाईंनी पिल्लू पाहिलं मात्र, प्रतिज्ञा गेली उडत. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नाव ठेवलं बंडू. बंडू दुधाला तोंड लावेना. "नवं घर आहे, बावरलंय," म्हणून त्या त्याला पदरात घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. घरातल्या माणसाला सूर्योदयाच्या आत तेल-उटणं नाही म्हणजे काय? "पहिली दिवाळी आहे लेकराची," म्हणत त्यांनी पहाटे बंब पेटवला आणि बंडूला साग्रसंगीत न्हाऊ घातलं. दत्तोपंत न्हाणीघराच्या दारात उभे राहून खो खो हसत होते.

त्याच संध्याकाळी बंडूचं नाक वाहू लागलं, डोळे चिकटले. जनावरांचे डॉक्टर दिवाळीला गावी गेलेले. कंपाउंडरनं सर्दीचं औषध दिलं. पाडव्याला बंडूला झटके येऊ लागले, आणि भाऊबीजेला दुपारी तो शशिकलाबाईंच्या मांडीवर गेला.

दत्तोपंतांनी निरोप धाडला तसे उदयसिंह आले. अंगणातच उभे राहून त्यांनी विचारलं, "याला नहलवलं कोणी?"

"मी," शशिकलाबाई म्हणाल्या.

"पहाटे? एवढ्या गारठ्यात? मग झालं तर! वहिनीसाहेब, मी तंदुरुस्त पिल्लू दिलं होतं. आता माझी काय जिम्मेदारी?"

एवढं बोलून गृहस्थ टांग्यात बसून चालते झाले. जळ्ळी ती जीभ!

शशिकलाबाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बंब पेटवणं सोडलं. सकाळी उठून थंडगार पाणी डोक्यावर ओतून घ्यायच्या, एकवेळ जेवायच्या आणि कुणी काही विचारलं की म्हणायच्या, "मी मारलं त्याला." दत्तोपंतांच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास डॉक्टर परतले. दत्तोपंतांनी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आंघोळीनं नाही हो, डिस्टेंपर होता तो, कुत्र्यांचा साथीचा ताप. त्याच वेताची दोन पिल्लं दिवाळीच्या आधी उदयसिंहांनीच माझ्याकडे आणली होती. दोन्ही गेली."

दत्तोपंत धावतपळत घरी आले. पण शशिकलाबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी माझ्या बंडूला पाहिलं तरी होतं का? ज्याच्या घरचं लेकरू, तो काय म्हणाला ते मी या कानांनी ऐकलंय."

मग मात्र दत्तोपंतांची तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक बडा गणपतीला गेले. उदयसिंहांनी आधी पैसे परत देऊ केले, मग दुसरं पिल्लू देऊ केलं.

"पैसे घाला चुलीत!" पलटणीचं नातं आणि भीड विसरून दत्तोपंत ओरडले. "तुम्हाला माहीत होतं. घरी चला आणि हिच्यासमोर तेवढं कबूल करा. माझी बायको चाललीय हो हातातून!" आणि भर अंगणात त्यांना रडू फुटलं.

उदयसिंहांनी टोपी घातली आणि ते निघाले. पुन्हा खोटं बोलायची हिंमत त्यांच्यात उरली नसावी.

शशिकलाबाई ओसरीवर गव्हातले खडे वेचत होत्या. उदयसिंह त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"वहिनीसाहेब, चूक माझी आहे. दोन पिल्लं आधीच गेली होती. तुमच्याकडे दिलं त्याचंही अंग दोन दिवस तापलेलं होतं. मी ते जाणून-बुजून लपवलं. तुमचा काही दोष नाही."

दत्तोपंतांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चला, ऐकलं एकदाचं तिनं. आता ही रडेल, बोलेल, उद्या बंब पेटवेल.

शशिकलाबाईंचे हात गव्हात तसेच थांबले. "ताप होता त्याला?" त्यांनी विचारलं. "यांनी आणलं त्या दिवशी पण?"

"हो, होता."

"अगं, म्हणजे तुझी चूक नव्हती," दत्तोपंत घाईघाईनं म्हणाले. "तो आजारीच आला होता. ऐकलंस ना?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

"न्हाऊ घालताना अंग पोळत होतं हो त्याचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पाणीच कढत झालंय. म्हणून मी गार पाण्याचं विसण घातलं. दोन तांबे घातलं."