शालूच्या निऱ्या

“आली बघा तुमची राणी. मिशी काढून आली!” गोजरबाई चुलीपुढूनच ओरडली.

राणी म्हणजे डोंगरकडा गावचा सटवाजी. वय साठीला टेकलेलं, डोक्याला टक्कल, हाडं बैलासारखी. पण तरणा होता तेव्हा गावच्या नाटकात लुगडं नेसून उभा राहिला की बाया पदर तोंडात धरून रडायच्या. गोजरबाईचा नवरा सोनाजी त्याच नाटकांचे पडदे रंगवायचा. पुढं हिंगोलीत त्यानं टॉकीजचे बोर्ड रंगवले. आता हट्टा गावी घरीच बसून मोठाली चित्रं काढतो. तोंडाला रंग फासलेली माणसं, पडद्यामागं बिडी ओढणारा राजा, आणि सिनेमातल्यावाणी एकाच अंगानं आलेला उजेड. इतकं हुबेहूब, की पुण्या-मुंबईची माणसं गाडी करून दारात येतात.

त्या चित्रांतल्या निम्म्यांत सटवाजी. गोजरबाई एकातही नाही.

“काहून न्हाई काढत माझं?” तिनं एकदा विचारलं होतं.

“तुझं काय काढायचं? तू तर रोजचीच हाईस,” सोनाजी म्हणाला. वाकडं मनात ठेवून नव्हे. जेवताना मीठ मागावं तसं.

आज तर कहरच केला. सटवाजीला नेसवायला त्यानं गोजरबाईच्या लग्नातला हिरवा शालू मागितला.

“मी मेल्यावर नेसवा त्याला,” ती म्हणाली. पण पेटी उघडली. नेसवायलाही स्वतःच गेली, आणि गाठ अशी आवळली की सटवाजीचे डोळे बाहेर आले.

“वहिनी, जीव घेऊन राहिल्या का माझा?”

“राणीला बारीक कंबर पायजे भाऊजी. गप उभे ऱ्हावा.”

सवत बाई असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. ह्याचं काय धरावं?

दुपारी तिनं वांग्यात मूठभर तिखट जास्तीचं घातलं. सटवाजी बिचारा भिडेखातर ताट पुसून जेवला. परत खुर्चीत बसला तर कपाळावरून घामाच्या धारा. पावडर वाहिली, काजळ गालावर आलं. झालं चित्राचं वाटोळं, म्हणत गोजरबाई दाराआड उभी राहिली.

“हलू नको सटवा!” सोनाजी ओरडला. “हेच, हेच पायजे होतं! खेळ संपल्यावरची राणी!”

आणि तो बघत राहिला. डोळे बारीक करून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं काही ते तोंड उद्या दिसणार नाही. गोजरबाईच्या काळजात चरचरलं. धाकट्याच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली, तेव्हाही ह्या माणसानं तिच्याकडं असं बघितलं नव्हतं.

उन्हं कलली तसा सटवाजी उठला, शालू सोडून ठेवला. “तोंड झालं नव्हं माझं? मंग मी निघतो. एस्टी चुकल, म्हशीची धार राह्यली.”

“निऱ्या राहिल्या की रे!” सोनाजीनं इकडं तिकडं बघितलं. “अगं ए, तू नेस तो शालू. बस इथं घडीभर.”

गोजरबाई दाराआडून पुढं आली. शालू घेऊन आत गेली. तोंड धुतलं. केसाला तेलाचा हात लावून अंबाडा घातला. कुंकू कोरलं. डब्यातली नथ काढून घातली. बाहेर येऊन खुर्चीत बसली, तर खुर्ची अजून सटवाजीच्या अंगानं गरम होती. खिडकीतला उजेड तिच्या गालावर आला. तिनं हनुवटी वर केली.

“गुडघा जरा इकडं,” सोनाजी म्हणाला.

तिनं सरकवला.

“हां. बराबर. आता हलू नको.”

ब्रश चालू झाला. त्याची नजर गुडघ्यावर यायची, कापडावर जायची, परत गुडघ्यावर. गुडघ्याच्या वर काही ती चढत नव्हती.

“बोललं तर चालतंय का?” बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

“बोल की,” सोनाजी मान खाली घालूनच म्हणाला. “तोंडाचं काय काम हाये हितं?”

नथ हलू नये म्हणून तिनं श्वास धरला. खिडकीतला उजेड गेला, तरी हनुवटी खाली केली नाही.