मधली पानं वाचणाऱ्या मावशी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पुस्तकं असतात. त्यांच्यावरची धूळ पुसली जाते, कपाटात ती उंचीप्रमाणे लावलीही जातात. उघडायचं तेवढं राहून जातं. पण ज्यांच्या हातांतून रोज शंभर पुस्तकं जायची आणि ज्यांनी त्यांतलं एकही वाचलं नव्हतं, असे एक गृहस्थ होते. ते एका कारखान्यात पुस्तकबांधणी करायचे.

सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं, तर पान आपणहून मिटत नसे. त्याच कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायचं काम एका मावशींकडे होतं. एका मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात. शाई पसरलेला किंवा वाकडा छापलेला फर्मा रद्दीत जाई. मावशी त्यांतला एक रोज उचलत आणि दुपारच्या चहाला वाचत बसत. म्हणजे त्यांच्या वाट्याला येत ती कुठल्याही पुस्तकाची सोळाच पानं, आणि तीही बहुतेक मधली.

उस्ताद थट्टा करायचे, "काय पंडितबाई, आज कोणाच्या घरात मधूनच शिरलात?"

मावशी सांगत, आज एक जहाज वादळात सापडलंय आणि खलाशांचं पुढे काय झालं ते काही कळलेलं नाही. एकदा त्यांनी उलट विचारलं, की तुम्ही का वाचत नाही?

"शिंपी काय गिऱ्हाइकाचे कपडे घालून फिरतो?" असं म्हणून उस्तादांनी विषय संपवला.

एका सकाळी एक परिचारिका जाडसा गठ्ठा घेऊन आली. तिचे वडील सार्वजनिक बागेत माळी होते. शेवटच्या वर्षी त्यांनी नातीसाठी आपल्या आठवणी सुट्या कागदांवर लिहिल्या आणि ते कागद स्वतःच सुतळीने ओवले. आता ते नव्हते. नात दूरच्या गावी शिकायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची गाडी होती. पाच वाजेपर्यंत पुस्तक होईल का, असं परिचारिकेने विचारलं. दुसरी प्रत नाही, हेही सांगितलं. उस्तादांनी शब्द दिला.

त्यांनी सुतळी कापली, कागद टेबलावर ठेवले आणि खळीचा वास जावा म्हणून खिडकी उघडली. वाऱ्याच्या एका झोतात नव्वद कागद खोलीभर उडाले. उस्ताद घाबरले नाहीत. कागद गोळा करून त्यांनी टेबलावर ठोकले, चारी कडा सुतासारख्या सरळ केल्या आणि दाभण हातात घेतलं. जन्मभर ते पानांचे आकडे पाहूनच क्रम लावत आले होते. इथे कुठे आकडाच दिसेना, तेव्हा त्यांनी कडांवर भरवसा ठेवला. कडा जुळल्या की पुस्तक जुळलं!

मावशींनी जाता जाता वरचे दोन कागद पाहिले आणि त्या थबकल्या.

"उस्ताद, हे गृहस्थ पहिल्या पानावर निवृत्त झालेत आणि दुसऱ्या पानावर शाळेत निघालेत."

उस्तादांनी दाभण खाली ठेवलं. दुपारचा एक वाजला होता. उस्ताद स्वतः वाचायला बसले, पण कागदाच्या तळाशी पोचेपर्यंत त्यांना वरचं आठवेना. तीन कागद झाले आणि त्यांनी डोकं धरलं.

"अक्षरं कळतात हो मावशी, पण धागा हाताला लागत नाही. एका माणसाचं अख्खं आयुष्य विस्कटलं माझ्या हातून."

मावशी शेजारी बसल्या. "तुमचा हात या कामावर एका दिवसात बसला का? वाचनाचंही तसंच आहे. मी सुरुवातीला अर्ध्या पानात दमायचे. रोज दहा मिनिटं वाचलं, एवढंच. आणि मला मिळायचं मधलंच. मग आधी काय झालं असेल, पुढे काय होईल, ते घड्या घालताना मनात जुळवायचे. आज ते कामाला येईल. तुम्ही मोठ्याने वाचा, मी लावते."

उस्ताद अडखळत वाचू लागले. मावशी डोळे मिटून ऐकत आणि कागद कधी या ढिगात, कधी त्या ढिगात ठेवत. कुठे लेक लहान आहे, कुठे गुडघे दुखू लागलेत, कुठे बागेतला वड अजून रोपच आहे, हे त्यांना एका ओळीत कळे. उस्ताद थक्क होऊन पाहत राहिले. ही बाई दहा वर्षं त्यांच्या समोर बसत होती!

एक कागद मात्र मावशींनाही लावता येईना. त्याची सुरुवात अशी होती: 'तिच्या चिमुकल्या हातांत दिली आणि म्हटलं, आता हे रोप तुझं.' काय दिली? कोणाच्या हातांत?

"झारी!" उस्ताद ओरडले. "पत्र्याची झारी! लेकीच्या वाढदिवसाचा तो कागद 'माझी पत्र्याची झारी' इथेच अर्ध्या वाक्यात संपलाय. मघाशी वाचला मी."

मावशींनी ढीग उस्तादांकडे सरकवला आणि तो कागद त्यांनाच लावू दिला.

उस्तादांनी भराभर पुस्तक शिवलं आणि पाचला परिचारिका आली. उस्तादांनी पानं उडाल्याचं लपवलं नाही. मावशींनी क्रम लावला, पण तुम्ही एकदा पाहून घ्या, असं सांगितलं. तिने उभ्यानेच चाळलं आणि एका पानावर ती थांबली.

"ती झारी अजून आमच्या दारात आहे," ती म्हणाली. पुस्तक छातीशी धरून ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून चहाला दोघं वाचू लागली. उस्ताद ओळीखाली बोट धरत, दमत, पण एक दिवस चुकवत नसत. महिनाभराने त्यांनी रद्दीच्या पोत्यातून शोधून काढलेला एक मळका फर्मा मावशींपुढे ठेवला.

"तुमच्या त्या जहाजाचा शेवट. खलाशी सगळे—"

"सांगू नका हो!" मावशींनी फर्मा ओढून घेतला. "मला वाचू द्या."

वाचकहो, वाचनाने कोणी एका दिवसात शहाणं होत नाही. पण रोज थोडं वाचणाऱ्याची आठवण पक्की होते, धीर वाढतो आणि अनोळखी माणसाच्या मनातला धागा त्याला सापडू लागतो. त्यासाठी पदवी लागत नाही, अख्खं पुस्तकही लागत नाही. चहा निवायला लागतात तेवढी दहा मिनिटं पुरतात, आणि ती आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहेत.