मला वाटीतच राहू द्या

मित्रांनो, आधीच सांगते, हसू नका. मी एक जुनी कवळी आहे. वरचे पुढचे दोन दात, गुलाबी टाळू आणि बाजूच्या दातांना धरून राहणारे तारेचे दोन आकडे, एवढाच माझा संसार. स्वभावाने मी अव्वल नंबरची भित्री. प्लास्टरच्या साच्यातून काढून कारागिराने मला गरगरत्या चाकावर घासले, तेव्हा जी भीती बसली ती आजवर पुरती गेलेली नाही.

माझे मालक न्हावी. सलून छोटेसे, दोन खुर्च्यांचे, पण समोर भिंतभर आरसा. मालकांचे तोंड सतत चालू, म्हणून गिऱ्हाइके त्यांना 'रेडिओ' म्हणत. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे दोन दात गेले आणि त्या जागी मी आले. पहिल्याच दिवशी ते मोठ्या बहिणीपुढे उभे राहिले. "अक्का, बघ, नवरदेव दिसतोय की नाही?" अक्का म्हणाली, "दिसतोस खरा. आता जरा कमी बोल, म्हणजे टिकेल." माझे कौतुक व्हायचे ते असे.

बरीच वर्षे बरी गेली. दिवसा तोंडात, रात्री वाटीतल्या पाण्यात. पण हळूहळू मला धाकधूक वाटू लागली. मी जिथे बसायचे ती हिरडी खचत होती. दाताचे मूळ असते तोवर भोवतीच्या हाडाला काम असते. मूळ गेले की हाड झिजत जाते. हे मला जाणवत होते, मालकांना नाही. ते बोलू लागले की मी डुगडुगायचे, आणि पडले तर काय होईल या विचाराने माझा जीव टांगणीला लागायचा.

एकदा पडलेच. एका शिक्षकांची दाढी करता करता मालक स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले, आणि मी थेट वाटीतल्या साबणाच्या फेसात! शिक्षकांनी एकदा वाटीकडे पाहिले, एकदा मालकांच्या तोंडाकडे. "रेडिओ, स्टेशन हललं वाटतं!" सगळे हसले. मालकही हसले, पण तोंडावर हात ठेवून. तो हात मग खाली येईना, आणि रेडिओ बंद पडला.

शेवटी अक्काने त्यांना ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. कायमचे दात बसवायचे म्हणून गेलेल्या मालकांना बाई म्हणाल्या, "दाताला खुंटी लागते आणि खुंटीला भिंत. तुमची भिंत पुठ्ठ्याएवढी राहिलीय. आधी हाड भरावं लागेल."

मालक खुर्चीत सावरून बसले. मग हळूच विचारले, "कुणाचं?"

"कधी तुमच्याच जबड्यातलं मागचं थोडं घेतात. कधी शुद्ध करून तयार केलेले हाडाचे दाणे वापरतात. तुम्हाला दाणे पुरतील. ते नुसता आधार देतात, त्यात तुमचं स्वतःचं हाड वाढायचं असतं. भूल देऊ, त्यामुळे करताना दुखणार नाही. नंतर सूज येते, थोडं ठणकतं, ते उतरतं. हाड तयार व्हायला महिने लागतात. आणि एखाद्याला ते धरतही नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

"मग मी काय करायचं?"

"काही करायचं नाही, हेच अवघड आहे. सिगारेट बंद. ओठ उचलून टाके बघायचे नाहीत. आणि ही," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, "मी सांगेपर्यंत घालायची नाही. हिचा दाब पडला की सगळं वाया."

दाब! मित्रांनो, जन्मभर मी दुसरे केलेच काय? मालकांचे हाड वाचले तर मी अडगळ होणार, या भीतीने मी आधीच अर्धमेली झाले होते. आता कळले की त्याला धोकाही माझाच. माझे धाबे दणाणले.

हाड भरून झाले. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, वाटीत. सूज उतरली तसे मालक सलूनकडे निघाले, आणि अक्काची पाठ वळताच त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकले. समोर दिवसभर आरसा, आणि आरशात गेलेल्या दोन दातांची ती खिंड! दर थोड्या वेळाने मालकांचे कोपर वर जाई. 'बघू तरी' म्हणून ते ओठ उचलत. टाके ताणले जात होते. त्यातच दारातून ते शिक्षक आत आले.

मालकांचा हात खिशात शिरला. नको, नको, मी ओरडले. पण कवळीचे कोण ऐकतो? त्यांनी पाठ फिरवली आणि अंगठ्याने मला वर दाबले. जिथे मला कडक हिरडी लागायची तिथे सगळे मऊ, गरम होते. आत वाळू सरकावी तसे काहीतरी सरकले. टाका तुटला, आणि मी रक्तात भिजले. इतकी मी कधीच घाबरले नव्हते.

अक्का त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे धावली. बाईंनी जखम धुतली, पुन्हा टाका घातला. "थोडे दाणे गेले. बाकीचे राहतील की नाही, आज सांगता येत नाही. नाही राहिले तर पुन्हा पहिल्यापासून."

मालक रडू लागले. "अक्का, मला माझं तोंड बघवत नाही गं."

"मग बघू नकोस," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः सलूनमध्ये गेली. ब्रशने दाट फेस केला, मालकांना आरशासमोर उभे केले, आणि त्यांचे तोंड जिथे दिसायचे तिथे हातभर फेस फासला. "पुसलास तर गाठ माझ्याशी आहे!" रोज सकाळी ती हेच करू लागली. हे सारे तीच मला घरी येऊन सांगायची. जो येई तो विचारी, "हे काय हो?" मग मालकांना सांगावे लागे. आधी तोंडावर हात ठेवून. पण एका हाताने केस कसे कापणार? एका हातात कात्री, दुसऱ्यात कंगवा, आणि खिंड सगळ्यांसमोर उघडी. रेडिओ पुन्हा सुरू झाला. ते शिक्षक सगळे ऐकून म्हणाले, "माझी दाढ जाऊन बरीच वर्षं झाली. तिथलंही हाड गेलं असेल का रे?"

महिने गेले. मी झाकलेल्या वाटीत, अंधारात, प्रत्येक पावलाला दचकत होते. एके दिवशी झाकण उघडले. अक्काचे डोळे भरले होते. "धरलं गं बाई," ती मला म्हणाली.

पुढे त्या हाडात धातूची खुंटी रोवली, ती पक्की झाल्यावर दात बसले. त्या दिवशी मालकांनी स्वतःच्या हाताने आरसा पुसला. आता मी सलूनच्या खणात, कंगव्यांशेजारी असते. तोंडावर हात धरणारे गिऱ्हाईक आले की मालक मला बाहेर काढतात आणि सगळी कहाणी सांगतात. खण उघडला की मी अजून दचकते.

मित्रांनो, दात गेला तर हाडाची चौकशी वेळेवर करा. आणि हाड भरलेत, तर त्याला हात लावू नका, आरशात डोकावू नका, आणि कितीही लाज वाटली तरी मला उचलू नका. मी भित्री आहे, पण वाट बघू शकते. मला वाटीतच राहू द्या.