घट्ट धरलेली बंदूक

छर्ऱ्याची बंदूक घट्ट धरायची नसते. हे सांगितलं की लोक तोंडाकडे बघत राहतात, कारण बंदूक म्हटलं की आवळून धरायची, दातओठ खायचे आणि एक डोळा मिटायचा, एवढंच सगळ्यांना ठाऊक. स्प्रिंगच्या बंदुकीपुढे तो सगळा आवेश फुकट. चाप ओढला की आतली स्प्रिंग सुटते, दट्ट्याला पुढे ढकलते, बंदूक आधी मागे सरकते, मग पुढे हिसका खाते, आणि एवढं सगळं होईपर्यंत छर्रा बिचारा अजून नळीतच असतो. तिला आवळलंत की ती उडणार भलतीकडे, आणि दर वेळी वेगळ्या भलतीकडे. म्हणून डावा पंजा उघडा ठेवायचा, दस्त्याची पुढची बाजू त्यावर नुसती टेकवायची, दर वेळी त्याच जागी. खांद्याला हलकेच लावायची आणि उडायचं तसं उडू द्यायचं. निदान थोरला तरी जन्मभर हेच सांगत आला.

थोरला कारखान्यात तपासनीस होता. जोडून झालेली प्रत्येक बंदूक शेवटी त्याच्या हाताखालून जायची. मागच्या लांबट खोलीत एका टोकाला त्याचं टेबल, दुसऱ्या टोकाला फळीवर लावलेला कागद. पाच छर्रे मारायचे. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली तर बंदूक खोक्यात, नाहीतर परत फिटरकडे. त्याने नापास म्हटलं की नापास, काळ्या दगडावरची रेघ. मालकाच्या मेहुण्याने एकदा मध्ये तोंड घातलं होतं, त्याची अशी काही जिरवली की तो पुन्हा त्या खोलीकडे फिरकला नाही.

आणि कारखान्यातला एकमेव फिटर कोण? त्याचाच सख्खा भाऊ. धाकटा. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून थोरल्याच्या आणि त्याच्या बायकोच्या हातचं खाऊन मोठा झालेला. स्प्रिंग बसवणं, दट्ट्या घासून गुळगुळीत करणं, वॉशर लावणं, सगळं थोरल्यानेच त्याला मागे उभं राहून शिकवलेलं. त्याचं काम इतकं साफ की वर्षभरात त्याच्या किती बंदुका परत आल्या ते बोटांवर मोजावं.

तर अशा धाकट्याच्या बंदुका नापास व्हायला लागल्या.

आधी एखादी, मग रोज एखादी, मग तर पास होणारी शोधावी लागायची. कागदावर भोकं अशी विखुरलेली, जणू कुणी मूठभर मोहरी फेकलीय. थोरल्याने स्प्रिंगा बदलायला लावल्या. धाकट्याने बदलल्या. वॉशर बदलायला लावले, तेही बदलले. भोकं मात्र विखुरलेली ती विखुरलेलीच! थोरल्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या कुणाच्या बंदुका असत्या तर त्याने चार दिवस वाट पाहिली असती. पण हा भाऊ. भावाला सूट दिली म्हणून उद्या कुणी बोट दाखवायला नको, या धास्तीपायी तो त्याच्याशी परक्याहून कडक वागला.

"लक्ष कुठे असतं तुझं?" त्याने सगळ्यांदेखत विचारलं.

धाकटा त्याच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चुकलं असेल, दादा."

चूक नसती तर बोलला असता की नाही? थोरल्याने हेच धरून ठेवलं.

मॅनेजर भला माणूस. तो म्हणाला, "एकदा दुसऱ्या कुणाकडून मारून बघू या का? नुसती खात्री म्हणून."

झालं. थोरल्याचा पारा चढला. "माझ्या हातावर विश्वास नसेल तर मलाच काढा, साहेब!"

मॅनेजरने त्याला काढलं नाही. धाकट्याला काढलं. जाताना धाकट्याने आपली हत्यारं पुसून, ओळीने लावून ठेवली आणि थोरल्याच्या खोलीत न डोकावता निघून गेला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. धाकटा आता मालधक्क्यावर पोती उतरवतो, एवढं थोरल्याच्या कानावर आलं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, पण बायकोला तो म्हणाला, "कर्माची फळं आहेत, भोगू दे."

धाकट्याच्या जागी एक मुलगी आली. हुशार, कामाला वाघ. पहिल्या दिवसापासून तिच्याही बंदुका नापास.

थोरल्याने तिलाही झाडलं. ती डोळे पुसत स्प्रिंग काढायला बसली. आता कुणाला वाटेल, इथे तरी याच्या डोक्यात प्रकाश पडावा! कसलं काय. हल्लीची पोरं अशीच, असं पुटपुटत तो घरी आला.

बायकोची नजर दोन वर्षांपूर्वी गेली होती. संध्याकाळी तिला मनगटाला धरून गॅलरीत नेऊन बसवायचं, हे त्याचं ठरलेलं काम. त्या दिवशी तिने केस बांधायला हात वर केले, बाही मागे सरली, आणि त्याला तिच्या मनगटावर निळे-काळे डाग दिसले. काही जुने, पिवळे पडलेले. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

"हे काय गं? कुठे आपटलीस?"

"आपटले नाही," ती म्हणाली.

"मग कुणी केलं हे?"

तिने बाही खाली ओढली. "अहो, तुम्हीच. फार दिवस झाले, तुम्ही हात आवळून धरता. म्हटलं, मी पडेन या भीतीने धरत असाल. बोलले असते तर धरायचंच सोडून दिलं असतंत."

थोरला आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मध्यंतरी त्या हाताला मुंग्या यायच्या. मग मुंग्या थांबल्या, आणि दुखणं गेलं म्हणून तो खूश झाला होता. आता त्याने गॅलरीच्या कठड्यावर तळवा टेकवला. डोळे मिटले. कठडा आहे की नाही, त्याला कळेना. दाबलं, तेव्हा कुठे थोडं कळलं.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेला. धाकट्याच्या नापास बंदुका अजून कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यातली एक घेतली, पंजावर टेकवली, आणि या वेळी नेम धरायच्या आधी हाताकडे बघितलं. अंगठा हळूच दस्त्यावर चढत होता. मागोमाग बोटं वळत होती. तो सांगत नव्हता, तरी वळत होती. बंदूक हातात आहे हे समजावं म्हणून हात तिला आवळत होता, आणि हाताच्या मालकाला खबरही नव्हती.

त्याने एक जाडसर फडकं घडी करून पंजाखाली टेबलावर ठेवलं, दुसऱ्या हाताने बोटं एकेक करून उघडली, त्यांच्यावर नजर ठेवत बंदूक टेकवली आणि पाच छर्रे मारले. कागद आणायला गेला. पाचही भोकं मिळून एकच भोक झालं होतं.

दुसरी बंदूक घेतली. तेच. तिसरी. तेच. सगळ्या धाकट्याच्या हातच्या. एकीतही खोट नव्हती. मग त्या मुलीच्या दोन मारून बघितल्या, त्याही तशाच. थोरला तिथेच फळीपाशी बसला आणि ढसाढसा रडला. देवासारख्या पोराला मी कामचोर ठरवलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मॅनेजर आला तसा तो उठला आणि सगळं सांगून मोकळा झाला. काहीही राखून ठेवलं नाही. हात दाखवला, कागद दाखवले. मॅनेजर कितीतरी वेळ कागदच बघत होता.

"भावाला परत घ्या, साहेब. मला ठेवू नका, पण त्याला घ्या."

"त्याच्या जागी माणूस घेतलंय," मॅनेजर म्हणाला. "आणि ती चांगलं काम करते, हे तर आत्ता तुम्हीच सिद्ध केलंत. तिला कुठल्या तोंडाने काढू?" मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्हालाही ठेवता येणार नाही. वाईट वाटतं मला."

थोरला तसाच धाकट्याच्या घरी गेला. दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. 'या' म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. धाकटा पाठीला पट्टा बांधून खाटेवर पडला होता. पोतं उचलताना पाठीत भरलं होतं, आठवडा झाला होता. गालफडं बसली होती.

"माझंच चुकलं रे," थोरला म्हणाला. "तुझ्या बंदुका चांगल्या होत्या. माझा हात..."

"माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे?"

"तुझा अंगठा. चाप ओढायच्या आधी वर चढायचा. मी केव्हाच पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तूच नापास केलेली बंदूक घेऊन मारून बघितली मी. काही नव्हतं तिच्यात."

थोरला खाटेच्या कडेला टेकला. "मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो असतो तर तुला काढलं असतं. या वयात तुला कोण घेणार? त्यात वहिनीची नजर गेलेली. मी काय, धडधाकट होतो. म्हटलं, कुठेही चिकटू." तो पाठीकडे हात नेत कसनुसं हसला. "नाही जमलं म्हणा. पण तुझं तरी चाललंय ना, एवढ्यावर दिवस ढकलतोय."

त्याची बायको हातातलं भांडं तसंच धरून उभी होती. तिलाही हे आजच कळत होतं.

"आता अंगठा कळलाय ना तुला? मग सांभाळून मारत जा," धाकटा म्हणाला. "आणि साहेबांना यातलं काही बोलू नकोस."

थोरला आपला डावा तळवा चोळायला लागला.

"दादा? नाही ना सांगितलंस?"

"सकाळीच सांगितलं."

"मग?"

"मला काढलं. तुझ्या जागेवर ती मुलगीच राहणार."

धाकटा उठायला गेला. पाठीतून कळ आली तसा कोपरावरच थांबला आणि भावाकडे बघत राहिला.

"अरे दादा," तो म्हणाला, "मग मी कशाला गेलो रे?"