लाल चिंधी आणि निम्मी हवा

मी एक जुना टायर आहे, हवेच्या पंपाशेजारी जमिनीत अर्धा पुरलेला. येणारेजाणारे माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात. कुत्री माझ्याशी कशी वागतात, ते न सांगितलेलेच बरे. पण मित्रांनो, मीही एके काळी दगडांनी भरलेला ट्रक पेलला आहे. माझी गोष्ट गोड नाही, तरी ऐका.

माझा जन्मच मारहाणीत झाला. कारखान्यात रबराला आधी रुळांखाली चेचले, मग त्यात पोलादी तारा घुसवल्या आणि शेवटी तापलेल्या साच्यात दाबून धरले. बाहेर पडलो तेव्हा अंगावर दात होते, फार मोठे नाहीत आणि फार लहानही नाहीत. शेजारच्या रांगेत चिखलाचे टायर होते. त्यांचे दात अंगठ्याएवढे. त्यांच्यापुढे मी म्हणजे दुधाचे दात असलेले पोर!

खाणीची वाट जिथे हमरस्त्याला मिळते, तिथल्या दुकानात मी विकायला आलो. एक दिवस तिघेजण आले. एक ट्रकवाला, त्याची बायको आणि तिचा धाकटा भाऊ. हा मेहुणा ट्रकवर माल चढवायचा. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. पैलवानाने थेट त्या मोठ्या दातांवर हात ठेवला.

"दाजी, हे घ्या. खडकाचा चुरा करतील!"

दुकानदाराने विचारले, "खाणीची वाट किती आणि डांबर किती?"

"वाट दहा किलोमीटर. पुढे डांबर दीडशे."

"मग दहासाठी दीडशेची शिक्षा कशाला? हे दात डांबरावर दिवसभर घोंगावतील, अंग खिळखिळं करतील आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागेस्तोवर देव आठवेल. हा मधला घ्या. खडकावर चालतो आणि डांबरावर गप्प बसतो."

"हाच द्या," बायको म्हणाली. "यांची पाठ रोज मी शेकते, टायर नाही शेकत."

अशी माझी आणि माझ्या भावंडांची निवड झाली. मी पुढे उजवीकडे, माझा जुळा भाऊ पुढे डावीकडे. चार वर्षे आम्ही मान खाली घालून राबलो. धारदार दगडांनी आमचे कान कापले, खिळे घुसले, आम्ही हूं की चूं केले नाही. डांबरावर आलो की ट्रकवाला गाणी म्हणायचा. आवाज भसाडा होता, पण पाठ दुखायची थांबली होती. तो आमच्यावर थाप मारून म्हणायचा, "गुणाची लेकरं!" मला फार बरे वाटायचे.

एक गोष्ट मात्र जपावी लागे. खाणीच्या चढावर पकड यावी म्हणून तो आमची हवा निम्मी करायचा. निम्म्या हवेवर हमरस्त्यावर वेगाने पळाले, तर टायर आतून तापतो आणि फुटतो. म्हणून बायकोने जुन्या लाल चादरीची पट्टी फाडून दिली होती. हवा सोडली की ती चिंधी स्टिअरिंगला बांधायची आणि दुकानाच्या पंपावर हवा भरली की मगच सोडायची.

"चिंधी आहे तोवर डांबर बंद," तिने बजावले होते. चार वर्षे हा नेम कधी चुकला नाही.

मग तो दिवस उगवला. खाणीत चिखल माजला होता. दगड भरले, हवा सोडली, चिंधी बांधली, तरी आम्ही रुतलो. पैलवान तासभर खांदा लावून ढकलत होता. आम्ही गरगर फिरून त्याच्या तोंडावर चिखल उडवत होतो. शेवटी त्याचे डोके फिरले. त्याने मला दोन लाथा घातल्या आणि सगळ्या मजुरांसमोर ओरडला, "बायकोनं निवडलेले टायर आणि बायकोच्या मुठीतला ड्रायव्हर!"

मजूर हसले. ट्रकवाला खाली उतरला. पैलवानाने त्याच्या छातीवर धक्का दिला. ट्रकवाल्याच्या हातात चाकाचा लोखंडी पाना होता. तो त्याने उचलला आणि हाणला.

पैलवान माझ्यावरच कोसळला. त्याचे गरम रक्त माझ्या दातांतून खाली गळाले. क्षणात ट्रकवाल्याचा राग उतरला. "अरे देवा, काय केलं मी!" म्हणत त्याने केबिनमध्ये हात घालून हाताला लागले ते ओढले आणि जखमेवर करकचून बांधले. ती स्टिअरिंगवरची लाल चिंधी होती.

मजुरांनी ट्रक ढकलून बाहेर काढला. आम्ही दवाखान्याकडे सुसाट निघालो. दुकान आले. दुकानदार हात हलवून थांबवत होता. ट्रकवाल्याने सवयीने स्टिअरिंगकडे पाहिले. चिंधी नव्हती. त्याने गाडी तशीच डांबरावर घातली.

"दाजी, हळू. मी काही मेलो नाही अजून," पैलवान म्हणाला.

"बोलू नकोस. चुकलं माझं."

"मीही जास्तच बोललो. ताईला सांगू, दगड पडला म्हणून."

मित्रांनो, मला ओरडता येत असते तर! पोट रस्त्याला घासत होते, आतल्या तारा भाजून निघत होत्या. तेवढ्यात डावीकडे माझा भाऊ फुटला. ट्रक त्या बाजूला आडवा झाला आणि दगडांची सगळी रास केबिनवर आली. मी वर आभाळाकडे तोंड करून फिरत राहिलो. मला थांबायला बराच वेळ लागला.

पैलवान जागीच गेला. डॉक्टरांनी नंतर त्याच्या बहिणीला सांगितले की डोक्याची जखम सात टाक्यांची होती. ती काही त्याला मारणारी नव्हती.

ट्रकवाला शिक्षा भोगून लंगडत परतला. दुकानदाराने त्याला पंपावर ठेवले आणि भंगारातून मला आणून त्याच्याशेजारी पुरले. बायको डबा घेऊन येते. दोघे कामापुरतेच बोलतात. तिनेच माझ्यावर बांधलेली लाल चिंधी विटली की ती नवी बांधते आणि थोडा वेळ माझ्यावर हात ठेवून उभी राहते. तेवढ्या वेळात तो तिच्याकडे पाहत नाही.

मित्रांनो, आम्ही मुके चाकर. आमची हवा मोजा, आणि हातात लोखंड असेल तेव्हा तोंडावर आणि हातावर ताबा ठेवा. कालच खाणीतून एक ट्रक निम्म्या हवेवर भरधाव आला. माझ्या ट्रकवाल्याने तो अडवला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "सोडा हो काका, घाई आहे!"

हा लंगडत त्याच्या चाकापाशी गेला आणि हवेची नळी लावत म्हणाला, "मलाही होती."