मुकादमाचा रिपोर्ट

"मावशी, आज मुकादमाचं काहीतरी बिनसलंय," पलंगावरून मास्तर म्हणाले. डाव्या हातात दोन सुया, शेजारी डायलिसिसचं यंत्र घुमतंय आणि नजर मात्र काचेपलीकडच्या बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या पेटीवर. शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर दिवसाआड चार तास इथे पडून काढायचे. पेटीतल्या पोट सुटलेल्या केशरी माशाला मुकादम हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, कारण तो स्वतः काही न करता बाकीच्यांच्या मागे फिरायचा.

मावशी हातातलं फडकं टाकून पेटीपाशी गेल्या. मुकादम पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होता. कल्ले लालबुंद. दोन छोटे पट्टेरी मासे तळाशी आडवे झालेले.

परवाच त्यांनी पेटी साफ केली होती, आणि मावशींचं साफ करणं म्हणजे काय हे अख्ख्या विभागाला ठाऊक होतं. या हॉस्पिटलात सफाई करताना तीस वर्षं त्यांनी जंतूंशी उभा दावा मांडलेला. नव्या सिस्टर त्यांच्यासमोर हात धुताना दबकून असत. आठवड्याभरावर निवृत्ती आली होती. जाताना पेटीही चकाचक करून द्यावी म्हणून त्यांनी खडी घासली, पाणी बदललं आणि फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज जुन्या अवजारांबरोबर थेट जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात घातला. तो पांढराशुभ्र होऊन निघाला तेव्हा त्यांना कोण समाधान वाटलं होतं.

जेवणाची सुट्टी होताच पेटीतलं पाणी बाटलीत भरून त्या रस्त्यापलीकडच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने नळीत थोडं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवंगार झालं.

"पिवळं राहायला हवं होतं," तो म्हणाला. "स्पंज धुतलात का?"

"धुतला? वाफवून काढला चांगला."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "मावशी, मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. त्यांचं त्यांनाच विष ते. त्या बुळबुळीत थरातले जिवाणू त्याचा निकाल लावतात. तुम्ही जिवाणूच मारलेत. आता विष जाणार कुठे?"

घाण म्हणून जन्मभर जे खरवडलं, त्यावर कुणाचा तरी जीव चालतो हे मावशींना या वयात कळत होतं.

"आजच्यापुरतं पाणी माझ्याकडचं न्या. पुढे रोज चौथाई पाणी बदला, नळाचं रात्रभर बादलीत ठेवून. खाणं बंद. ही नळी आणि थेंबही न्या, पिवळं राहीपर्यंत रोज तपासा. आणि हा घ्या." त्याने स्वतःच्या टाकीतून एक काळपट स्पंज काढला. "सुकू देऊ नका. आणि मेहरबानी करून धुऊ नका."

पाण्याचा डबा दुकानातल्या पोराच्या हाती देऊन मावशींनी तो गलिच्छ स्पंज ओल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांनी जपून वर आणला. जिन्यात सिस्टर बघतच राहिल्या.

मास्तरांचं यंत्र सुटायला अजून तासभर होता. पाणी बदलून, स्पंज फिल्टरमध्ये बसवून मावशी पलंगाशी उभ्या राहिल्या. "मास्तर, मुकादमाचं हे माझ्याच हातून झालंय. नको तितकं धुतलं मी." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे त्याचा युरिया वाढलाय," ते म्हणाले. "मग रडताय काय? करा त्याचं डायलिसिस. माझं करताय तसं."

मावशींना रडता रडता हसू आलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पट्टेरी मासे गेले. मुकादम आणि एक काळा मासा तेवढे धुगधुगी धरून होते.

मग रोजचं पाणी बदलणं आणि रोजची नळी सुरू झाली. सिस्टर कुरकुरल्या, पण बादलीला जागा त्यांनीच करून दिली. मास्तर आले की आधी विचारायचे, "रिपोर्ट काय?"

"हिरवाच."

"पथ्य पाळायला सांगा त्याला. मी पाळतोय ना?"

हिरवा हळूहळू फिका होत गेला.

मावशींच्या शेवटच्या दिवशी सकाळी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. थेंब कमी पडले की काय म्हणून त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पिवळंच. मुकादम काळ्याच्या मागे लागला होता. मावशींनी नळी नेऊन मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरली.

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "नॉर्मल," ते म्हणाले. "इथून बरा झालेला हा पहिलाच पेशंट."

मावशींनी चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात 'धुऊ नये' असं लिहून ती फिल्टरला लावली.

"नव्या मावशींवर मी लक्ष ठेवीन," मास्तर म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

सिस्टर सुया घेऊन येत होत्या. त्याआधी मावशींनी पलंगाच्या चाकांचे खटके सोडले, पेटी सरळ समोर दिसेल असा पलंग थोडा तिरका केला, खटके पुन्हा लावले आणि उशी नीट केली.