डावी चप्पल

प्रश्नचिन्ह लहानसंच होतं, पण पेन्सिल इतकी दाबून धरलेली, की कागदाच्या मागच्या बाजूलाही त्याचा उंचवटा बोटाला लागत होता — आणि त्याच्याआधी एकच शब्द : 'आधार'. पान बेचाळीस. मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून वाचायचं, तिने लिहिलेलं हे सणांचं पुस्तक दुपारी तीनला छापखान्यात जायचं होतं, आणि मजकूर तपासणाऱ्या सरांनी — ऑफिसात त्यांना सगळे पुरावेवाले म्हणत — एकशेबारा पानांतून नेमका हाच परिच्छेद पकडला होता.

'सणाच्या दिवशी घरातल्या सर्वांची डावी चप्पल लपवून ठेवण्याची रीत अनेक कुटुंबांत आढळते. जेवणं आणि गप्पा झाल्याशिवाय ती परत मिळत नाही.'

आढळते... कुठे आढळते? पुस्तकातल्या बाकी प्रत्येक ओळीसाठी तिने चार-चार ग्रंथ उपसले होते, आणि ही एवढी ओळ मात्र हाताने आपोआप लिहिली होती. सण म्हटलं की डावी चप्पल गायब, हे तिला जगजाहीर वाटत आलं होतं. पिठाच्या डब्यामागे, उशीच्या अभ्र्यात, एकदा तर शिवणयंत्राच्या झाकणाखाली — आणि बाबा एका पायात चप्पल घालून घरभर लंगडत, "अगं, बस सुटेल माझी!" म्हणणार, खरं तर बस तेच चालवायचे, त्यांच्याशिवाय ती सुटणार होती कशी!

"तुमच्याकडे लपवायचे ना गं सणाला चपला?" तिने शेजारच्या टेबलावरच्या चित्रकार मुलीला विचारलं.

"चपला? आमच्याकडे काका लपायचे. भांडी घासायला लागू नयेत म्हणून."

हसता हसताच तिने आईला फोन लावला. ही पद्धत आजीकडून आली का, एवढंच विचारायचं होतं. आजीचा आधार पुरावेवाल्यांना चालला असता.

"आजीकडून? छे गं, माझ्या माहेरी चपलाच कुठे होत्या धड!" आई म्हणाली. "सणाला जादा गाड्या असायच्या. दोन घास खाल्ले की तुझे बाबा निघाले. दहा मिनिटं जास्त थांबले तर थांबले, म्हणून लपवायची मी."

"मग आमच्या कशाला लपवायचीस?"

"एकट्याचीच लपवली असती तर भांडण झालं असतं. सगळ्यांच्या लपवल्या की खेळ होतो."

दहा मिनिटं. एवढ्या मोठ्या सणातून आईला स्वतःसाठी हवं होतं ते एवढंच... आणि मी ते 'अनेक कुटुंबांत' म्हणून वाटून टाकलं.

"आता नाही लपवत?" — विचारलं आणि तिने जीभ चावली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आता कोणाची लपवू, बाई? दारात माझी एकटीची जोडी." आईचा आवाज जराही हलला नाही. "ते जाऊ दे. तू सणाला येतेयस ना? परतीची गाडी कितीची म्हणालीस?"

"चारची."

"मग मी बारालाच वाढते. तुझी धांदल नको."

फोन ठेवल्यावरही ते वाक्य कानात राहिलं. धांदल नको. म्हणजे आईने हिशोब करून, पानं लवकर मांडून, तिला वेळेवर दारापर्यंत पोहोचवायची तयारी केली होती. गेली सहा वर्षं ती अशीच येत होती, घड्याळाकडे बघत जेवत होती, आणि आई काही म्हणत नाही याचं तिला बरंच वाटत होतं — किती समजूतदार आहे आपली आई! आज पहिल्यांदा तो समजूतदारपणा तिला बोचला. ज्याच्याकडून थांबण्याची आशा असते, त्याचीच चप्पल लपवतात.

"मॅडम, छापखान्याचा माणूस आलाय," चित्रकार मुलगी म्हणाली.

"आले," ती म्हणाली, पण उठली नाही. परिच्छेद काढावा की ठेवावा, काही सुचेना. चारच्या तिकिटाचं काय करायचं, तेही ठरेना. पंचेचाळिशीची बाई, कामात बुडालेली, कोणी अडवलं की चिडणारी — आणि तिला या क्षणी सख्ख्या बापाचा हेवा वाटत होता.